दुपारची किल्ली

२०१७ च्या मे महिन्याच्या शेवटी आम्ही अंबाजोगाई सोडली. सामानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी नवरा बसला आणि मी दोन लेकरं घेऊन एसटीनं निघाले. थोरली नऊ वर्षांची, तिसरी संपवून चौथीत जाणारी. धाकटा साडेतीनचा. नवऱ्याला वाळूजला कंपनीत काम लागलं होतं आणि मी पोस्टातली माझी बदली मागून घेतली होती. बीड गेलं, गेवराई गेली. शहागडला गोदावरीच्या पुलावर गाडी आली तेव्हा थोरलीनं खिडकीतून वाकून पाणी बघितलं आणि विचारलं, “आई, इथं आपला जिल्हा संपला ना?”

तिच्या दप्तरात तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक होतं. आपल्या राज्यात तिसरीचं हे पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं निघतं. तिचं बीड जिल्ह्याचं होतं. वर्ष संपलं की जुनी पुस्तकं आम्ही गल्लीतल्या पुढच्या लेकराला द्यायचो. हे एक मात्र तिनं कुणाला दिलं नव्हतं. मी म्हणाले, हो, संपला. त्यानंतर शहर येईपर्यंत ती काही बोलली नाही.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झालं. त्या पहिल्या वर्षाच्या आठवणी मला जुन्याच नावानं येतात, म्हणून इथं तेच ठेवते.

निघायच्या आधी महिनाभर जो भेटेल तो एकच विचारायचा, “शाळा कोणती बघितली?” मलाही तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटत होता. शहरात आल्यावर पंधरा दिवसांत कळलं की शाळा सकाळी सव्वासातला भरते, सव्वाबाराला सुटते, माझं ऑफिस साडेनऊ ते सहा, आणि मधल्या पावणेसहा तासांना या शहरात कुणी धनीच नाही. त्याबद्दल मला एकानंही विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं, कारण अंबाजोगाईत तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

तिथलं आमचं घर पेठेतलं. पुढचं दार सकाळी उघडायचं ते रात्री जेवणं झाल्यावर लागायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसभर ओट्यावर. शाळा सुटली की थोरली येता येता चार घरांत डोकावायची. एखाद्या दिवशी आमच्या घरी पोचायचीच नाही, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात ताट घेऊन बसलेली सापडायची. “जेवलीस का गं माय?” हा प्रश्न तिला दिवसातून पाच बाया विचारायच्या. या सगळ्याला काही नाव नव्हतं. त्याची फी नव्हती, वेळ ठरलेली नव्हती, आणि ते नसलं तर काय होईल हे कुणी मनात आणलं नव्हतं.

आम्ही गारखेडा भागात दोन खोल्या घेतल्या. वाळूज पश्चिमेला, माझं ऑफिस जुन्या शहरात, म्हणजे दोघांनाही थोडं लांबच. पण कंपनीची बस जवळच्या चौकात थांबायची आणि शाळा पायी जाण्याजोग्या होत्या. नवऱ्याच्या पाळ्या आठवड्याला बदलायच्या. फर्स्टला सात ते साडेतीन, सेकंडला साडेतीन ते रात्री बारा, मग नाईट. मी कालनिर्णयच्या चौकोनांत फ, से, ना अशी अक्षरं लिहायला लागले. से असेल त्या आठवड्यात तो दोनपर्यंत घरी, तेव्हा दुपारचं अर्धं निभायचं. ना असेल तेव्हा तो घरात असायचा पण झोपेत, आणि झोपलेल्या माणसाच्या भरवशावर साडेतीन वर्षांचं पोर ठेवता येत नाही, हे एकदा गॅसचं बटण फिरवलेलं सापडल्यावर आम्ही दोघांनी मान्य केलं. फ असेल तो आठवडा सगळ्यात अवघड. त्या आठवड्याच्या आदल्या रविवारी माझ्या पोटात गोळा यायचा.

शाळा तीन बघितल्या. पहिलीच्या कार्यालयात गार हवा होती आणि भिंतीवर पदकांचे फोटो. चौथीच्या प्रवेशासाठी थोरलीला एका खोलीत बसवून पाऊण तासाचा पेपर दिला, तेवढ्यात आम्हा दोघांना आमचं शिक्षण विचारलं, आणि शेवटी इमारत निधीचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून समोर सरकवला. पावती मिळणार नाही, असं सांगितलं. बाहेर आल्यावर थोरली म्हणाली, “मला तिसरीचं सगळं येतं आई, पण त्यांनी इंग्रजीतून विचारलं.” त्या वेळी आम्ही गप्प घरी आलो. नंतर ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी शिक्षण हक्क कायदा वाचायला दिला. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या तेराव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की प्रवेशासाठी लेकराची किंवा आईबापाची कसलीही चाळणी घ्यायची नाही आणि देणगीही घ्यायची नाही. देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड, चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. हे मला त्या खोलीत बसले असताना माहीत असायला हवं होतं. नव्या गावात आलेला माणूस मवाळ असतो. त्याला कुणाशी वाकडं घ्यायचं नसतं, आणि समोरच्याला ते कळतं.

दुसरी शाळा चांगली होती, इंग्रजी माध्यमाची, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. स्कूल बसचा फेरा सव्वा तासाचा. ती तिथंच सोडली.

तिसरी आमच्या घरापासून पायी सात मिनिटांवर. अनुदानित, मराठी, पाचवीपासून सेमी. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. माध्यमाच्या प्रश्नावर आमच्या घरात दोन रात्री वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, कंपनीत वरच्या जागेवर जाणाऱ्यांचं इंग्रजी तो रोज ऐकतो, पोरीला त्यात मागं ठेवायचं नाही. माझं म्हणणं, गाव सुटलं, आजी सुटली, मैत्रिणी सुटल्या, आता निदान वर्गात बाई काय बोलतात ते तरी तिला पहिल्या दिवशी कळू दे. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, त्यामुळे अक्षरओळख तिला होतीच. पाठ्यपुस्तकंही बालभारतीचीच, अंबाजोगाईला तीच आणि इथंही तीच. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास. ती पुस्तकं तिनं दुकानात उघडून बघितली आणि पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला. आजही मला त्या निर्णयाबद्दल खंत नाही.

त्या शाळेच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मी चांगली केली, आणि तेव्हापासून नव्यानं येणाऱ्या प्रत्येक आईला सांगत आले. प्रवेशाच्या चौकशीला सगळे सकाळी दहाला जातात. मी शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात रजा काढून सव्वाबाराला फाटकासमोर उभी राहिले. शाळा सुटताना दिसते तशी ती भरताना दिसत नाही. कोणती बाई फाटकापर्यंत येते, छोट्यांना रस्ता कोण ओलांडून देतं, ज्यांना न्यायला कुणी आलं नाही ती लेकरं कुठं उभी राहतात, शिपाई त्यांना आत बोलावतो की फाटक लावून घेतो, हे सगळं त्या वीस मिनिटांत कळतं. त्या शाळेच्या शिपाईमामांनी शेवटचं पोर जाईपर्यंत स्टूल सोडलं नाही. पदकांच्या फोटोंपेक्षा मला त्या स्टुलाचा आधार वाटला.

दाखल्याचं थोडं रखडलं. सरल पोर्टलवर थोरलीचं नाव जुन्या शाळेतून नव्या शाळेकडे यायला काही आठवडे गेले. मी घाबरले होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “ताई, लेकरू वर्गात बसू द्या. कागद येत राहतील.” त्यांचं बरोबर होतं. त्याच कायद्याचं पाचवं कलम सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि दाखला द्यायला जो मुख्याध्यापक मुद्दाम उशीर लावतो त्याच्यावर कारवाई होऊ शकते. वयाचा दाखला नसेल तरी प्रवेश नाकारता येत नाही. उसाच्या फडावर जन्मलेल्या लेकरांसाठी ही ओळ किती मोलाची आहे, ते बीड जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

धाकट्याचं सगळं निराळं. हा कायदा ६ ते १४ वयाचा. साडेतीन वर्षांचं लेकरू त्याच्या उंबऱ्याबाहेर. त्या वयासाठी सरकारनं काही सोय करावी, एवढंच त्यात म्हटलंय, आणि तेही सोडून दिल्यासारखं. अंगणवाडी होती. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेतली ही अंगणवाडी गावात मी जवळून बघितलेली आहे. आहार, लसीकरण, वजनाचा काटा, गाणी, सगळं सेविका आणि मदतनीस अशा दोन बाया ओढतात. पण तीही दुपारी बंद. खाजगी नर्सरी त्याहून आखूड, आठ ते अकरा. मी तीन तास मिळवण्यासाठी वर्षाची फी भरणार आणि उरलेल्या सात तासांचं काय, हे कुणी सांगत नव्हतं.

पाळणाघरं सहा बघितली. एक तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीला गज नव्हते. एकात सगळी लेकरं टीव्हीसमोर ओळीनं बसलेली, एकही रडत नव्हतं, आणि त्या शांततेनं मला भीती वाटली. एका बाईंनी खोल्या फार चांगल्या ठेवल्या होत्या, पण मी “मधेच कधी आले तर चालेल का?” विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, फोन करून या. मी तिथून निघाले. सहावं पाळणाघर सिल्लोडकडच्या एका मावशींचं. तळमजला, दोन खोल्या, नऊ लेकरं, मदतीला त्यांची सून. खेळणी फारशी नव्हती. पण खिळ्याला एक वही टांगलेली होती. त्यात रोज प्रत्येक लेकराच्या नावापुढे किती पोळी खाल्ली, किती वेळ झोपला, शी झाली का, पडला तर कुठं लागलं, हे लिहिलेलं. मी विचारलं, हे आईबाप मागतात का? मावशी म्हणाल्या, “कोणी मागत न्हाई. मलेच लागतं. संध्याकाळी लेकरू देताना दिवसभराचा हिशोब द्याव लागतो ना बाई.” महिना अडीच हजार ठरले. आमच्या भाड्याच्या निम्मे. धाकटा पहिले नऊ दिवस रडला. दहाव्या दिवशी वहीत लिहिलेलं होतं, ‘रडला न्हाई. भात परत मागितला.’ ती वही हातात धरून मी तिथंच पायरीवर बसले.

त्याच वर्षी प्रसूती रजेचा कायदा बदलला होता. रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर ठेवणं बंधनकारक झालं, आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊन येण्याची मुभा. तेव्हा लागू असलेल्या कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातही ३० हून जास्त स्त्री कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी खोली हवी, असं होतं. नवऱ्याच्या कंपनीत बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाप मात्र शेकड्यांनी होते, आणि त्या प्रत्येकाच्या घरी लेकरं होती. कारखान्याच्या कायद्यानं मोजताना बाया मोजल्या. लेकराची सोय ही आईच्या नोकरीलाच टांगलेली होती, बापाच्या नोकरीला ती कुणी टांगलीच नव्हती. ही गोष्ट मला आजही खुपते.

आता थोरलीचं सांगते. धाकट्याच्या शोधात आम्ही तिचं गृहीत धरलं होतं. ती शहाणी, नऊ वर्षांची, शाळा सात मिनिटांवर. असं ठरलं की शाळा सुटली की ती पाळणाघरातच जाईल, मावशींकडे जेवेल, अभ्यास करेल. जूनभर ते चाललं. जुलैत एके दिवशी मावशींच्या घरी कुणाचं तरी अचानक काहीतरी झालं, त्यांनी सकाळी धाकट्याला घेतलं नाही, मी त्याला ऑफिसात सोबत नेलं. नवरा फर्स्टला. थोरलीला सांगायचं राहून गेलं. ती मावशींच्या दाराला कुलूप बघून घरी आली. घराची किल्ली तिच्याकडे नव्हती, कारण किल्ली नऊ वर्षांच्या पोरीकडे द्यायची नाही असं आम्हीच ठरवलं होतं.

नवरा सव्वाचारला पोचला तेव्हा ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली होती. जवळजवळ चार तास. रडली नव्हती. मांडीवर वही होती आणि वहीत बीड जिल्ह्याचा नकाशा, आठवून काढलेला, अकरा तालुक्यांचा. आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, परळी, बीड आणि आपलं अंबाजोगाई, त्याच्यावर लाल पेनानं गोल. रात्री मी तिला जवळ घेऊन विचारलं, शाळेत परत का गेली नाहीस, शिपाईमामा होते ना. ती म्हणाली, “मला वाटलं तुम्ही कुणीतरी येईलच.” आणि मग, थोड्या वेळानं, “इथं कुणी विचारलंच नाही आई, कुणाची गं तू म्हणून.”

एका व्यक्तीनं मात्र विचारलं होतं. खाली राहणाऱ्या काकू साड्यांना फॉल-पिको करायच्या. मशीन दाराशी. त्यांनी दोनदा हाक मारली होती, “काहून बसली गं पोरी उन्हात, आत ये.” थोरली गेली नव्हती, कारण अनोळखी माणसाच्या घरात जायचं नाही हे मीच तिला शहरात आल्याबरोबर शिकवलं होतं. शेवटी काकूंनी तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आपली मशीन दारातून बाहेर ओढून, जिना दिसेल अशी मांडली. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. महिनाभर मी त्या दारावरून रोज चार वेळा जात होते आणि त्यांचं गाव कोणतं हेसुद्धा विचारलं नव्हतं.

त्या रविवारी मी धपाटे आणि दह्याची वाटी घेऊन खाली गेले. काकू जालन्याकडच्या. त्याही वीस वर्षांपूर्वी अशाच आलेल्या, नवरा चिकलठाण्याला कामाला म्हणून. त्यांची दोन पोरं याच जिन्यावर मोठी झाली. निघताना मी घराची दुसरी किल्ली त्यांच्या मशीनच्या खणात ठेवली. काकूंनी ती उचलून एका लाल दोऱ्यात ओवली आणि म्हणाल्या, “आता पोरीला सांग, हे तिचंच घर हाये.” मी थोरलीला सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, “त्यांना काय म्हणायचं? काकू की आजी?”

त्यानंतर आमचं बस्तान बसलं, असं मी म्हणेन. सोपं झालं असं नाही. नळाला पाणी बरेच दिवस सोडून यायचं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी घरी माणूस लागायचा. जायकवाडी भरलेलं असलं तरी आमच्या गल्लीतली गत तीच. पाण्याचा दिवस आणि फ शिफ्ट एकत्र आली की काकू स्वतः वर जाऊन आमची टाकी भरून ठेवायच्या. आत्याबाईंना आम्ही दोनदा आणलं. दुसऱ्या वेळी दोन महिने राहिल्या. लेकरांना जीव लावला, पण ओटा नाही, बोलायला बरोबरीची बाई नाही, मंगळवारी योगेश्वरीचं दर्शन नाही. एके दिवशी म्हणाल्या, “मला माझ्या गावात मरू दे माय.” मी त्यांना स्वतः सोडून आले. लोक म्हणतात सासू आणून ठेवा, पाळणाघराचे पैसे वाचतील. म्हाताऱ्या माणसाचं गाव सोडवून आपली दुपार भागवायची, हे मला पुन्हा करवलं नाही.

शाळेत थोरलीला भाषेचा त्रास झाला. “का करायलीस?” म्हटलं की मुली हसायच्या. तसं हे शहरही मराठवाड्याचंच, पण इथलं बोलणं वेगळं. दोन महिने ती वर्गात अगदी कमी बोलली. मग दिवाळीआधी वर्गशिक्षिकेनं आपापल्या गावाबद्दल बोलायला लावलं. थोरलीनं अंबाजोगाईचं सांगितलं. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, दासोपंत, आणि निजामाच्या काळात आमच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते ते. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलेला माणूस आधी आमच्या गावात मास्तर होता, हे ऐकून बाईंनी तिला पुन्हा उभं करून सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्या दिवशी घरी येऊन ती भरभर बोलत होती, आणि “करायलीस”च म्हणत होती.

मराठवाड्यात शिकायला गाव सोडणं नवं नाही. निजामाच्या राज्यात शिक्षणाचं माध्यम उर्दू, मराठी शाळा तुरळक. शिकायचं तर निघावंच लागायचं. १९५० मध्ये बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढलं, नागसेनवनात. त्याबरोबर वसतिगृहंही उभी राहिली. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी शहर पाहिलं नाही, त्याला नुसता वर्ग देऊन चालत नाही, रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं ताट लागतं.

माझ्या लहानपणी वर्गात माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, धारूरकडच्या डोंगरातली, मामाच्या घरी राहून शिकणारी. पुढं मामानंही ऊसतोडीचा कोयता धरला. दसरा झाला की तिची जागा रिकामी. उन्हाळ्यात परत यायची तेव्हा हातांवर पाचटानं कापलेल्या रेघा. ती फडावर ऊस तोडायची नाही, धाकट्या भावाला सांभाळायची. त्यासाठीच तिला न्यायचे. चौथीनंतर ती आलीच नाही. आता गावोगावच्या शाळांत हंगामी वसतिगृहं चालतात. आईबाप कारखान्याला गेले तरी लेकरं गावात राहतात, आजीबरोबर असतात किंवा शाळेतच, सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं. जी लेकरं सोबत जातात त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. कागदावरचं सगळंच सगळीकडे पोचतं असं माझं म्हणणं नाही. पण ज्यानं कुणी हंगामी वसतिगृहाची कल्पना काढली, त्याला माझ्या शेजारणीची अडचण कळली होती. शाळा तिच्या गावात होतीच की. संध्याकाळी भाकरी कोण देणार, हे ठरलेलं नव्हतं.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांना हे फार आधी दिसलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम पुढं कोसबाडला गेलं. मोठी मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं, म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. विकासवाडी म्हणायचे त्याला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस बेचैन होते. एका फाटकातून आत गेलं की तिन्ही वयांची लेकरं सांभाळली जातात, अशी जागा आदिवासी पाड्यावर उभी राहिली होती. इतक्या वर्षांनी, एवढ्या कारखान्यांच्या शहरात, मी दोन लेकरांसाठी तीन फाटकं आणि एक जिना यांची सांधेजोड करत होते.

गेल्या काही वर्षांत आमच्या जिन्यावर तीन कुटुंबं आली आणि गेली. परभणीचं, देगलूरचं, एक उदगीरचं. प्रत्येक वेळी काकू मला खुणावतात आणि आम्ही दोघी पहिल्याच रविवारी वर जातो. शाळेचं ते विचारतातच. आम्ही कोणत्या पाळीला कोण घरी असतं ते विचारतो.

२०२४ च्या जूनमध्ये थोरली अकरावीला लातूरला गेली. डॉक्टर व्हायचं म्हणते. ‘लातूर पॅटर्न’चं नाव आमच्या लहानपणापासून ऐकलेलं. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची तेव्हापासूनचं. ट्यूशन एरियात फिरताना मला माझीच २०१७ ची मे महिन्यातली तोंडं दिसत होती, हातात पिशव्या, कपाळावर घाम, प्रत्येक भिंतीवर मागच्या वर्षीच्या गुणांचे फलक. कितीतरी आया गाव सोडून तिथं खोली करून राहतात, पोराला दोन वर्षं करून घालायला. शेत आणि नवरा मागं. आम्हाला ते शक्य नव्हतं, माझी नोकरी आणि धाकट्याची पाचवी. नवरा क्लासच्या फिया विचारत होता. मी रात्री साडेनऊला क्लास सुटायच्या वेळी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. रस्त्यावर दिवे होते. चहाच्या गाड्यावर एक म्हातारी बाई बसलेली होती, आणि जाणाऱ्या मुलींना नावानं हाक मारत होती.

त्याच गल्लीत खोली घेतली. वरचा मजला, तीन मुली, खाली घरमालक. पहिला आठवडा थोरलीचा फोन रोज रडका यायचा. आठव्या दिवशी आवाज जरा बरा होता. मेसची भाजी पाणचट आहे, केमिस्ट्रीचे सर भरभर शिकवतात, असं बरंच सांगत गेली. मी मधेच विचारलं, खोलीच्या किल्ल्या किती दिल्यात?

“तीन,” ती म्हणाली. “एक खाली आजींकडं ठेवलीय. लाल दोरा सापडला नाही, माझी रिबीन बांधली.”